बोट दाखवा, बोला, मग पुढे जा

रस्ता सुरक्षा हे प्रत्येक नागरिकाचं परमकर्तव्य आहे. चाकणच्या पुढे असलेल्या एका कंपनीच्या गेटवर हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं आहे, पण आतल्या बाजूने. बाहेरच्या बाजूला कंपनीचं नाव आणि 'फेरीवाल्यांना मनाई' एवढंच. त्यामुळे परमकर्तव्य वाचायला मिळतं ते गेटाच्या आत असलेल्यांना, आणि आत जो काही रस्ता आहे तो दीडशे पावलांत संपतो.

या दीडशे पावलांवर मात्र काय एकेक थाट. पायी चालणाऱ्यांना हिरवी पट्टी, गाड्यांना पिवळी, ओलांडायला झेब्रा, वळणावर गोल आरसा, वेगाची मर्यादा ताशी दहा. बाहेर कितीही मोठा दादा असलेला ट्रकवाला आत आला की नव्या सुनेसारखा चालतो. गेटाबाहेर कंटेनर, टँकर, विटांचे ट्रॅक्टर आणि शिफ्ट सुटलेल्या शेकडो मोटारसायकली यांचा जो काला होतो, त्यात ना पट्टी ना झेब्रा. तिथे कंपनीची हद्द संपते आणि नागरिकाचं परमकर्तव्यही.

दीक्षा वाघमारे या कंपनीत अकरा वर्षं होती. कंपनी गाड्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या रबरी नळ्या बनवायची आणि दीक्षा त्या तपासायची. कंपनीची मूळ मंडळी परदेशातली. त्यांनी येताना एक रीत आणली होती. पिवळा पट्टा ओलांडण्याआधी थांबायचं, उजवीकडे बोट दाखवून मोठ्याने 'उजवीकडे ठीक' म्हणायचं, मग 'डावीकडे ठीक', मग 'समोर ठीक', आणि मगच पाऊल टाकायचं. या रीतीला काहीतरी परदेशी नाव होतं, पण कामगारांनी पहिल्याच महिन्यात त्याचं 'बोटबोल' करून टाकलं. नवीन माणूस आठवडाभर लाजतो. महिन्याने सवय होते. वर्षभराने ती सुटत नाही. आकुर्डीच्या चाळीवजा सोसायटीत दीक्षा रोज सकाळी गॅसकडे बोट करून 'बंद, ठीक' आणि दाराकडे बोट करून 'कुलूप, ठीक' म्हणायची, तेव्हा शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं की बाईने काहीतरी व्रत धरलंय.

गेटाशेजारी एक फळा होता: 'अपघाताविना दिवस'. रोज सकाळी त्यावरचा आकडा एकाने वाढायचा. दोन वर्षांपूर्वी पहिली पाळी सुटल्यावर झाडलोट करणाऱ्या गोजाबाईंना गेटासमोरच एका टेम्पोने उडवलं. खुबा मोडला. त्या आता गावी लेकीकडे असतात आणि काठी टेकत चालतात. त्या दिवशी फळ्यावर १,१४२ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी १,१४३ झाले. अपघात हद्दीच्या बाहेर झाला होता, अकरा फुटांनी. सेफ्टी ऑफिसरांनी स्वतः टेप धरून मोजलं होतं.

तेव्हापासून दीक्षा गेटाबाहेरही बोटबोल करू लागली. भर रस्त्याच्या कडेला उभी राहून कंटेनरकडे बोट रोखायची आणि 'उजवीकडे ठीक नाही' असं खणखणीत म्हणायची. पोरं हसायची. एकदा एका टँकरवाल्याने घाबरून ब्रेक मारला, काच खाली केली आणि विचारलं, "मॅडम, टायर पंक्चर आहे का?" तेवढ्यात चौदा बायका रस्ता ओलांडून गेल्या. त्यानंतर हसणारी पोरंही तिच्या मागे उभी राहून रस्ता ओलांडू लागली. हसणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

अशात नोटीस लागली. मालाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला आतल्याच माणसांतून ऑपरेटर घेणार. स्त्री-पुरुष कोणीही चालेल. अट एकच: अठ्ठावीस तारखेपर्यंत किमान शिकाऊ लायसन दाखवा, पक्कं नंतर काढा. दीक्षाने नोटीस तीनदा वाचली. अकरा वर्षं उभं राहून नळ्या तपासल्याने तिच्या टाचा गेल्या होत्या. फोर्कलिफ्टला बसायला गादी असते. शिवाय त्या कंपनीत आजवर एकही बाई फोर्कलिफ्टवर बसली नव्हती, ही गोष्ट तिला गादीपेक्षा जास्त टोचत होती. तिने नाव दिलं. दुसरं नाव तिच्याच लाइनवरच्या ज्ञानेशने दिलं. पोरगा लातूरकडचा, चलाख.

"ताई, तुमी कशाला अभ्यास करायलाव?" चहाच्या सुट्टीत त्याने तिच्या हातातलं वाहतूक चिन्हांचं पुस्तक पाहिलं. "त्या एजंट सिद्धेशभाऊला आधार कार्ड धाडा. ओटीपी आला की सांगा. परीक्षा तोच देतो."

"तो देतो म्हणजे?"

"म्हणजे तो देतो. माझी परवा दिली. चौदा मार्क पडले मला."

"परवा तर तू दिवसभर माझ्या शेजारी होतास."

"व्हय की. सव्वातीनला मी इथं पेटी भरायलो होतो आणि सव्वातीनलाच पास झालो. काय अवघड नसतंय ताई, सोपा असतोय पेपर."

घरी नवऱ्याचंही मत वेगळं नव्हतं. समाधान भोसरीत टूलरूमला होता आणि अठरा वर्षं मोटारसायकल चालवत होता. "मीपण एजंटकडूनच काढलंय लायसन. काय बिघडलं?"

दीक्षाने पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. "अहो, हा त्रिकोण कशाचा?"

समाधानने नीट पाहिलं. "देवळाचा."

"अरुंद पुलाचा."

"मग पूल आला की दिसतोच ना माणसाला."

यावर आतल्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला. अण्णासाहेब, म्हणजे दीक्षाचे सासरे, वय चौऱ्याहत्तर. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आले, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली आणि रात्रशाळेत मॅट्रिक झाले, तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपांचे गुणही त्यांना पाठ होते. ते बाहेर आले.

"समाधान, माझ्या बापाने चौथीची परीक्षा वर्गाबाहेर पायरीवर बसून दिली. आत घेत नव्हते. पण दिली त्यानेच. त्याच्या जागी कुणी एजंट बसला नव्हता."

"अण्णा, तो काळ वेगळा होता. हे नुसतं लायसन आहे."

"परीक्षा आहे का नाही?"

"आहे."

"मग वाघमाऱ्यांच्या घरात ती ज्याची तोच देईल. तुझं जे झालं ते झालं. ते मला अठरा वर्षांनी आज कळतंय." एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला, पुस्तक घेतलं आणि दीक्षाला पहिला प्रश्न विचारला. समाधान पुढचे चार दिवस मोटारसायकल जरा हळू चालवत होता.

अभ्यास जोरात सुरू झाला. दीक्षा भाकऱ्या थापायची, अण्णासाहेब ओट्याशेजारी स्टुलावर बसून विचारायचे. गोल चिन्ह म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधान, चौकोन म्हणजे माहिती. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट. रुग्णवाहिका आली तर कडेला. पिठाच्या बोटाने ती हवेत पर्याय दाखवायची आणि मोठ्याने बोलायची: "तिसरा. थांबेन आणि त्याला जाऊ देईन. ठीक." पंधरापैकी पंधरा. पास व्हायला नऊ लागतात. अण्णासाहेब प्रत्येक सराव परीक्षेचे गुण कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायचे.

परीक्षा घरूनही देता येते, असं कळलं. चोवीस तारखेला दीक्षा समाधानच्या भाच्याकडून आणलेला लॅपटॉप मांडून बसली. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून अण्णासाहेब मुद्दाम खाली पारावर जाऊन बसले. तिसऱ्या प्रश्नापर्यंत सगळं सुरळीत होतं. चौथ्याला तिचं बोट कॅमेऱ्यापुढे आलं आणि आवाज निघाला, "दुसरा, ठीक." पडदा लाल झाला. संशयास्पद हालचाल आढळल्याने परीक्षा रद्द. ज्या यंत्राला ज्ञानेश दोन ठिकाणी एकाच वेळी असल्याचा संशय आला नव्हता, त्याला दीक्षाच्या एका बोटाचा आला.

"हात मांडीखाली दाबून बस," समाधानने सुचवलं.

तिने तेही करून पाहिलं. पुस्तकातला सराव, हात मांडीखाली, तोंड मिटलेलं. पंधरापैकी सात. पुन्हा केलं. आठ. पाच वेळा केलं, नऊ एकदाही आले नाहीत. अकरा वर्षांत डोक्याची आणि बोटाची अशी काही गाठ बसली होती की एक बांधलं की दुसरं थांबायचं. अण्णासाहेबांनी हे गुणही कॅलेंडरमागे लिहिले. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सत्तावीस तारखेला दीक्षाने रजा टाकली आणि परिवहन कार्यालय गाठलं. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. कार्यालयासमोरच्या टपऱ्यांच्या रांगेत सिद्धेशभाऊ एका छत्रीखाली दोन लॅपटॉप मांडून बसला होता. ज्ञानेशने बहुतेक त्याला फोन केला असावा.

"या ताई. आकुर्डीच्या ना तुम्ही? बसा. ओटीपी सांगा, दहा मिनिटांत मोकळं करतो."

"मी परीक्षेला आलेय."

"आत?" सिद्धेशने असं विचारलं की जणू ती पोहायला विहिरीत उतरणार होती. "ताई, इतक्या वर्षांत माझ्या ओळखीचं कुणी आत जाऊन बसलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"तुम्ही किती परीक्षा दिल्यात आजवर?"

तो हिशेबाला लागला आणि मग अभिमानाने म्हणाला, "हजारेक असतील."

"मग तुम्हाला सगळे नियम पाठ असतील."

"पाठ म्हणजे काय, झोपेत सांगेन."

"मग हेल्मेट कुठाय तुमचं?"

सिद्धेशने आपल्या मोटारसायकलीकडे पाहिलं, मग छत्रीकडे. "ते घरी," तो म्हणाला.

आत एका लांबट खोलीत दहा संगणक होते. भिंतीवर सूचनांचा फलक. टेबलामागे निरीक्षक, पन्नाशीचे, अकाली थकलेले. दीक्षाच्या बॅचमध्ये सहाजण होते. परीक्षा सुरू झाली. पहिल्याच प्रश्नाला दीक्षाचं बोट वर गेलं आणि खोलीभर आवाज घुमला, "पहिला. डाव्या बाजूने. ठीक."

निरीक्षक उभे राहिले. "अहो बाई. खुणा कुणाला करताय?"

"कुणालाच नाही साहेब. मी उत्तर देतेय."

"उत्तर माउसने द्यायचं असतं. हात खाली, तोंड बंद."

"तसं मला येत नाही साहेब."

"येत नाही म्हणजे नापास. उठा."

ती उठली नाही. बाकीच्या पाचजणांनी संगणक सोडून तिच्याकडे पाहायला सुरुवात केली आणि त्यातल्या एकाचा प्रश्न वेळ संपून पुढे गेला.

"साहेब, बोट दाखवू नये असं कुठल्या नियमात आहे, तेवढं दाखवा. मी उठते."

निरीक्षकांनी भिंतीवरच्या फलकावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "एक, मोबाइल बंद ठेवावा. दोन, शेजारच्या पडद्याकडे पाहू नये. तीन, शांतता राखावी."

"तुम्हीपण बोट दाखवून, मोठ्यानेच वाचलंत."

निरीक्षकांनी आपल्या बोटाकडे पाहिलं आणि ते खिशात घातलं. "ते वेगळं. तुमचं ऐकून दुसरे कॉपी करतील, त्याचं काय?"

"प्रत्येकाला प्रश्न वेगळे येतात साहेब. माझा 'पहिला, ठीक' ऐकून ज्याने पहिला दाबला तो चुकेल. त्याचं नुकसान, माझा काय फायदा?"

निरीक्षकांनी दुसराच प्रश्न काढला. "आणि गाडी चालवताना काय कराल? हँडल सोडून बोटं दाखवाल?"

"चालत्या गाडीत नाही दाखवणार. चौकात, पट्ट्यावर, वळणावर जिथे थांबायचं तिथे दाखवीन. थांबलं की हात मोकळाच असतो. बाहेर कुणाचा मोकळा नसतो, कारण थांबतंच कोण?"

कोपऱ्यातला एक म्हातारा उमेदवार म्हणाला, "बाईंचं बराबर हाय," आणि निरीक्षकांनी त्याला फलकावरची तिसरी सूचना दाखवली. पुन्हा बोटानेच.

"हे बघा," शेवटी ते म्हणाले, "आता बाहेर बसा. सगळ्या बॅचा संपल्या की बघू. वेळ उरला तर."

दीक्षा व्हरांड्यात बसली. एक वाजला, जेवणाची सुट्टी झाली. तीन वाजले. सिद्धेशभाऊ दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला तो नुसताच शेजारी बसला. "ताई, राहू द्या ना हट्ट. उद्या मुदत संपते म्हणे तुमची. गेली जागा तर त्या ज्ञानेशला आयती मिळेल. माझ्यामुळे मिळेल, म्हणून मलाच कसंतरी वाटतंय."

"जागा गेली तर गेली. पण मी दिलेली परीक्षा मी दिलेली असेल."

"आणि दिलीच नाही तर?"

दीक्षा उठून निरीक्षकांच्या दारासमोर, त्यांना जाता-येता ओलांडून जावं लागेल अशी, उभी राहिली. साहेब चहाला निघाले, तिने बोट दाखवून 'समोर साहेब, ठीक' म्हणत वाट दिली. साहेब परत आले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला साहेब दारातच थांबले, नकळत उजवी-डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "या आत. संपवू एकदाचं."

खोलीत ती एकटी. खिडकीबाहेर म्हातारा उमेदवार, दोन शिपाई आणि सिद्धेश. निरीक्षक तिच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. दीक्षाने पडद्याकडे बोट केलं.

"दुसरा. वेग कमी करेन. ठीक." बरोबर.

"पहिला. समोरच्याला पूल ओलांडू देईन. ठीक." बरोबर.

सातव्या प्रश्नाला चिन्ह आलं. निळं वर्तुळ, लाल कडा, आत लाल रेघा. दीक्षा क्षणभर थांबली. मागून निरीक्षक दया येऊन पुटपुटले, "पार्किंगला मनाई."

"साहेब, शांतता राखा," दीक्षा म्हणाली. "रेघा दोन आहेत. पार्किंगला एक असते. तिसरा, थांबायलाही मनाई. ठीक." बरोबर.

निरीक्षक पुढे वाकले आणि त्यांनी रेघा मोजल्या. मग दोन पावलं मागे सरकले.

पंधरावा प्रश्न आला. पादचारी रस्ता ओलांडण्यासाठी झेब्रा पट्ट्यावर थांबला असल्यास तुम्ही काय कराल? एक, हॉर्न वाजवून पुढे जाल. दोन, वेग वाढवून आधी निघून जाल. तीन, थांबून त्याला जाऊ द्याल. कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. गेटासमोर झेब्रा नव्हता. गोजाबाई नुसत्याच थांबल्या होत्या, आणि टेम्पोवाल्याने पहिला आणि दुसरा दोन्ही पर्याय एकदम निवडले होते. त्याच्याकडेही लायसन होतं. कुणीतरी त्याच्या जागी परीक्षा देऊन त्याला पास केलं असणार, आणि त्या कुणीतरीने हा प्रश्न बरोबरच सोडवला असणार.

"तिसरा," दीक्षा म्हणाली. या खेपेला आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "थांबेन आणि तिला जाऊ देईन. ठीक."

पंधरापैकी पंधरा. खिडकीबाहेर म्हाताऱ्याने शिपायाला टाळी दिली. सिद्धेशने शिट्टी वाजवण्यासाठी बोटं तोंडाशी नेली आणि निरीक्षकांना पाहून खाली घेतली. निरीक्षकांनी शिकाऊ लायसनचा कागद छापून हातात दिला.

"मी इथे आल्यापासून पंधराचे पंधरा तिघांचे पाहिलेत," ते म्हणाले. "तुमचे धरून. बाकीच्या दोघांचा पेपर या बाहेरच्या छत्रीवाल्याने दिला होता."

घरी अण्णासाहेबांनी चष्मा लावून लायसनची एक बाजू वाचली. मग दुसरी वाचली. मग उजेडाला धरलं.

"गुण कुठायत?"

"गुण छापत नाहीत अण्णा. नुसतं लायसन मिळतं."

"सगळ्यांना सारखंच?"

"सारखंच."

अण्णासाहेबांनी लायसन बाजूला ठेवलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कंपनीत द्यायच्या झेरॉक्सवर, फोटोशेजारी, रात्रशाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'गुण १५ पैकी १५. स्वतः दिली.' खाली तारीख घालून सही केली. समाधान काही म्हणणार होता. पण अण्णासाहेबांनी नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं.

अठ्ठावीस तारखेला कंपनीच्या ऑफिसने ती झेरॉक्स परत केली, कारण हाताने मजकूर लिहिलेली प्रत चालत नाही. दीक्षाने कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी, कोरी काढून आणली. सोमवारी बोर्डावर निवडलेल्यांची यादी लागली. फोर्कलिफ्ट एकच आहे. पहिल्या पाळीला ती दीक्षा चालवते, दुसऱ्या पाळीला ज्ञानेश.